खाडीतली होडी: तळ कोणता घ्याल?

होडी बांधायला येणारे आधी विचारतात, लांबी किती ठेवू, इंजिन किती हॉर्सपॉवरचं घेऊ. आम्ही मात्र आधी विचारतो, ओहोटीला तुमची होडी असते कुठे? नवी मुंबईतल्या वाशी, सारसोळे, दिवाळ्याकडच्या बऱ्याच जणांचं उत्तर ठरलेलं असतं: चिखलात. उधाणाच्या दिवशी ठाणे खाडीचं पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं आणि कांदळवनाकडचा पट्टा उघडा पडतो. त्यामुळे तळ ठरवताना चिखलही धरावा लागतो.

सपाट तळाचा हिशोब सोपा आहे. ६ मीटर लांब, दीड मीटर रुंद होडी पाण्यावर साधारण ७ चौरस मीटर जागा धरते. त्यात ७० किलोचा एक गडी वाढला तरी ती जेमतेम १ सेंटिमीटर खाली जाते. चिखलात सरळ बसते, जाळी-टोपल्या सांडत नाहीत. पण लाटेवर आपटते, वाऱ्याने आडवी वाहते, आणि चिकट चिखल तिला भरती आली तरी लवकर सोडत नाही.

पूर्ण ‘व्ही’ तळ समुद्राला छान. खाडीत तो घेऊ नका, असंच आम्ही सांगतो. दीड मीटर रुंदीला २० अंशांचा कोन दिला की मधली रेघ कडेपेक्षा २७ सेंटिमीटर खाली जाते. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, पाणी हळू चढत असताना, तेवढ्यासाठी बराच वेळ ताटकळावं लागतं. शिवाय ओहोटीला होडी एका कुशीवर कलते ते वेगळंच.

म्हणून बोय, कोळंबी, चिंबोरीसाठी खाडीतच फिरणाऱ्यांना आम्ही नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, धारदार आणि मागे ८ अंशांपर्यंत उतरत गेलेला तळ सुचवतो. त्यात मधली रेघ १० सेंटिमीटरच खाली राहते. खाली लांबट दोन पट्ट्या दिल्या की वाहणं कमी होतं आणि घासली तर पट्टी घासते, तळ वाचतो.

रुंदीत कंजुषी नको. दोघं एकाच बाजूने जाळं ओढतात तेव्हा तीच कामाला येते. रुंदी १.२ वरून १.५ मीटर केली की, वजन तेवढंच असेल तर, कलण्याला होणारा विरोध जवळपास दुप्पट होतो.

तळ कितीही उथळ असला तरी आउटबोर्डचा (मागच्या फळीवर बाहेरून टांगलेल्या इंजिनाचा) पंखा त्याखाली वीतभर लोंबतोच. इंजिन आधीच घेतलं असेल तर शाफ्ट १५ इंची की २० इंची, ते कळवा. मागच्या फळीची उंची त्यावरच ठरते. पंखा वर बसावा म्हणून तळाला बोगदा, म्हणजे आत घेतलेला खोलगट चर, करून द्या म्हणणारेही येतात. एवढ्या लहान होडीत तो मागची तरंगण्याची जागा खातो, आणि माणूस, इंजिन, तेल सगळं तिथेच असतं. म्हणून आम्ही तो सुचवत नाही.

भेटायला येताना जाळ्याचा प्रकार, सोबत किती माणसं, बर्फ-मासळीचं जास्तीत जास्त वजन आणि ओहोटीला होडी उभी करायची जागा लिहून आणा. मत्स्यव्यवसाय विभागाकडच्या नोंदणीचंही तेव्हाच बोलून घेऊ. हे सगळं आधीच ठरलेलं बरं, कारण फायबरचा साचा लावल्यावर रुंदी बदलता येत नाही.