मोठा फ्यूज टाकल्याने अ‍ॅम्प थंड राहतो का?

‘गाडीतला अ‍ॅम्प (स्पीकरना ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर) तापून बंद पडतो? ३० अँपिअरऐवजी ६० चा फ्यूज टाका,’ असा सल्ला बरीच वर्षं फिरतोय. मोठ्या फ्यूजने करंट मोकळा वाहील, हे ऐकायला पटतंही.

पण फ्यूज करंट वाढवत नाही आणि उष्णता कमी करत नाही. जास्त करंट गेला की तो वितळतो, म्हणजे वायर वाचते. वायर ३० ची आणि फ्यूज ६० चा असेल, तर आधी वायरच जळेल.

तापण्याची कारणं वेगळी आहेत. क्लास एबी प्रकारचा अ‍ॅम्प घेतलेल्या विजेचा मोठा हिस्सा उष्णतेत घालवतो. क्लास डी प्रकारचा बराच कमी. ४ ओमचे (ओम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) दोन स्पीकर पॅरलल, म्हणजे समांतर, जोडले की २ ओमच उरतात, करंट दुप्पट मागितला जातो. त्यात नागपूरचा मे महिना, पारा ४५ ला. उन्हात उभी गाडी आतून त्याहून तापलेली, आणि अ‍ॅम्प सीटखाली कार्पेटमध्ये गुंडाळलेला! त्याला हवा मिळणार कुठून?

तपासायला मल्टीमीटर पुरतो. इंजिन चालू ठेवून बास वाजवा. व्होल्टेज आधी बॅटरीवर, मग अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर वायर बारीक आहे किंवा अर्थिंग (अ‍ॅम्पची गाडीच्या पत्र्याला केलेली जोडणी) ढिली. अर्थिंगच्या स्क्रूखालचा रंग खरवडलेला नसतो, हे हमखास सापडतं. फ्यूज मात्र वायरच्या क्षमतेएवढाच, बॅटरीजवळ.