समूहजीवी कोळी

एकत्र वस्ती करून राहणाऱ्या, जाळे विणणाऱ्या आठपायी कोळ्यांना समूहजीवी कोळी म्हणतात. कोळी हा मुळात एकांडा शिकारी. ज्ञात असलेल्या ५० हजारांहून अधिक जातींपैकी जेमतेम २५ जाती पूर्णपणे सामाजिक, म्हणजे घरटे, शिकार आणि पिल्लांचे संगोपन एकत्र करणाऱ्या आहेत. शेजार करणे आणि संसार एक करणे या दोन गोष्टी वेगळ्या असून त्यांची गल्लत फार होते.

खरे एकत्र कुटुंब पाहायचे तर ‘स्टेगोडायफस सारासिनोरम’ ही जात पाहावी. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ फर्डिनांड कार्श यांनी १८९२ मध्ये तिला हे नाव दिले. भारतातल्या कोरड्या, खुरट्या रानात बोरी-बाभळींच्या काट्यांत ती सुकी पाने आणि खाल्लेल्या किड्यांची टरफले रेशमात गुंफून मळकट घरटे बांधते. दिसायला ते अडकलेल्या कचऱ्यासारखे, त्यामुळे फांद्या साफ करताना सहज ओरबाडले जाते. आत मात्र कधी शेकडो कोळी असतात. त्यांच्या जाळ्याच्या धाग्यावर चिकट थेंब नसतात. लोकरीसारख्या अतिसूक्ष्म तंतूंत किड्याचे पाय गुंततात. जाळे थरथरले की अनेक जणी मिळून नाकतोड्यासारखी मोठी शिकारही ओढून आणतात.

या कोळ्यांचे जीवनचक्र साधारण वर्षाचे. नर थोडे आणि अल्पायुषी. मीलन बहुधा घरट्यातल्याच भावाबहिणींत होते. पिल्ले बाहेर आली की माद्या अर्धवट पचलेले अन्न ओकून त्यांना भरवतात, शेवटी पिल्ले आईलाच खाऊन टाकतात. आफ्रिकेतल्या एका जवळच्या जातीत तर स्वतः अंडी न घातलेल्या माद्याही भरवतात आणि तशाच खाल्ल्या जातात. याला क्रौर्य म्हणणे मला पटत नाही. आईच्या देहाचा कणही वाया जात नाही. नात्यातल्या संबंधांमुळे जनुकीय विविधता घटते, हा या व्यवस्थेचा खरा धोका.

पुण्यात वेताळ टेकडी किंवा तळजाईवर फिरणाऱ्यांनी घायपात, निवडुंग आणि कुंपणाच्या झुडपांवर ‘सिर्टोफोरा’ कोळ्यांची तंबूसारखी जाळी शोधावीत. हा शेजार झाला: आधाराचे धागे सामाईक, पण प्रत्येकीची आडवी, बारीक विणीची चादर स्वतंत्र आणि शिकारही ज्याची त्याची. हे जाळे चिकट नसते, रोज नव्याने विणले जात नाही. वरच्या धाग्यांना आपटून किडे खाली चादरीवर पडतात. मध्यभागी अंड्यांच्या पिशव्या माळेसारख्या टांगलेल्या असतात. हिवाळ्यात सकाळी दव पडले की सगळी वस्ती एकदम उजळते आणि कडेला बसलेले चिमुकले रुपेरी ‘आर्गायरोडिस’ कोळीही दिसतात. ते स्वतः शिकारीसाठी जाळे न विणता यजमानिणीच्या जाळ्यातले किडे चोरून खातात.