जावातील संवादी आरेख

नोड (आरेखातले ठिपके किंवा चौकटी) व त्यांना जोडणाऱ्या रेषा पडद्यावर काढून त्या माऊसने हलवता, जोडता, तोडता, लहानमोठ्या करता व पुन्हा साठवता येतील अशी सोय देणाऱ्या, जावा या संगणकभाषेतल्या लायब्ररींना (तयार कोडच्या संचांना) आरेख-लायब्ररी म्हणतात. प्रवाहआलेख, संस्थेची उतरंड, नळयोजनेचे जाळे, विजेचे सिंगल लाइन डायग्राम, मेट्रोचा नकाशा हे त्यांचे नेहमीचे उपयोग. चित्र काढणारी लायब्ररी आणि आरेख-लायब्ररी यांत गल्लत होते. पहिलीला रेषा म्हणजे नुसते पिक्सेल. दुसरीला मात्र ती नागपूर मेट्रोची ‘सीताबर्डी ते झिरो माईल’ जोडणी आहे हे ठाऊक असते, म्हणून सीताबर्डी सरकवली की रेषाही मागोमाग येते. या क्षेत्रात अलीकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येक सुविधेची कसोटी हीच : माहितीचे मॉडेल आणि पडद्यावरचे दृश्य वेगळे ठेवले आहे की नाही.

पूर्वपीठिका : केंट बेक व वॉर्ड कनिंगहॅम यांनी स्मॉलटॉक या भाषेत केलेल्या हॉटड्रॉवरून एरिक गामा व थॉमस एगेनश्विलर यांनी जावात जेहॉटड्रॉ आणले. डिझाइन पॅटर्न (कोड रचण्याच्या रूढ रीती) शिकवण्यासाठी ते आजही उघडून दाखवण्याजोगे आहे. 2000 च्या सुमारास झुरिकच्या तंत्रविद्यापीठात गाउडेन्झ आल्डर यांच्या कामातून जेग्राफ निघाले, पुढे ते नव्याने लिहून जेग्राफएक्स झाले. बीएसडी या मुक्त परवान्याचे असल्याने विद्यार्थी-प्रकल्पांत ते खूप दिसते. पण 2020 मध्ये त्याचा विकास थांबला, हे नव्या कामाला हात घालण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. ट्यूबिंगनच्या वायवर्क्सची वायफाइल्स ही व्यावसायिक लायब्ररी असून तिची मांडणी-अल्गोरिदम (नोड कुठे बसवायचे ते आपोआप ठरवणाऱ्या रीती) नावाजलेली आहेत. केवळ मांडणी हवी असेल तर कील विद्यापीठात मूळ असलेले एक्लिप्स लेआउट कर्नल आहे. जेग्राफटी हे नाव फसवे आहे : ते आलेखाची गणिते करते, चित्र काढत नाही.

एक उदाहरण : नागपूर मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचा आरेख करायचा आहे असे धरू. ऑरेंज मार्गिका ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी अशी उत्तर-दक्षिण, अ‍ॅक्वा मार्गिका प्रजापती नगर ते लोकमान्य नगर अशी पूर्व-पश्चिम. दोन्ही सीताबर्डीला भेटतात. नोड चाळीसच्या आत, म्हणजे आरेख छोटाच. तरीही सगळ्या अडचणी यात भेटतात.

सीताबर्डीचा नोड एकच ठेवावा, दोन नव्हे. त्याला चार पोर्ट द्यावेत : झिरो माईल, काँग्रेस नगर, झाशी राणी चौक व कॉटन मार्केट या शेजाऱ्यांसाठी एकेक. पोर्ट म्हणजे रेषा नोडला नेमकी कुठे चिकटणार ती जागा. पोर्ट नसले की रेषा नोडच्या मध्याकडे रोखली जाते व कडेशी कापली जाते. नोड जरा हलवला की चारही रेषांचे कोन बदलून नकाशा तिरका दिसू लागतो.

स्वयंचलित मांडणी इथे वापरू नये. सुगियामा, तागावा व तोदा यांची 1981 ची थरांची मांडणी कामांच्या क्रमवारीसाठी उत्तम. मेट्रोला लावली तर खापरी आणि लोकमान्य नगर एकाच ओळीत येऊन बसतात. रेषांना स्प्रिंग मानून नोड खेचणारी स्प्रिंग पद्धतीची मांडणी तर दर वेळी निराळे चित्र देते, आणि रोजच्या प्रवाशाला डोळ्यांत बसलेली दिशा मोडलेली चालत नाही. स्थानकांचे निर्देशांक हाताने द्यावेत, 10 एककांची ग्रिड ठेवावी व रेषांना 45 अंशांच्या पटीतच वळू द्यावे. हॅरी बेक यांच्या 1933 मध्ये छापलेल्या लंडनच्या नकाशापासून ही रीत चालत आलेली आहे.

जेग्राफएक्समध्ये क्रम असा : आधी मॉडेलवर ‘बिगिनअपडेट’, मग ‘इन्सर्टव्हर्टेक्स’ने सगळी स्थानके, मग ‘इन्सर्टएज’ने जोडण्या, शेवटी ‘एन्डअपडेट’. हा शेवटचा कॉल ‘फायनली’ गटातच, म्हणजे चूक झाली तरी चालणाऱ्या भागातच, लिहावा. बिगिन-एन्डच्या या जोड्या एकात एक बसतात व आत मोजणी चालते. मध्ये अपवाद (चालताना आलेली चूक) उडाला आणि ‘एन्डअपडेट’ राहून गेला तर मोजणी शून्यावर येत नाही, पडदा ताजा होत नाही, आणि चूक कुठेच दाखवली जात नाही. नवशिक्यांचा अर्धा दिवस यातच जातो. लोंबकळत्या रेषा नको असतील तर ‘सेटअलाउडँगलिंगएजेस’ला नकार द्यावा.

झूम व नेम (माऊसखाली काय आहे ते ओळखणे) : पडद्यावरचा बिंदू = मॉडेलचा बिंदू × पट + सरक, एवढे एक सूत्र कायम हाताशी असावे. पट म्हणजे आरेख किती मोठा केला, सरक म्हणजे किती सरकवला. माऊसखालची जागा न हलता झूम व्हावा यासाठी नवी सरक = माऊस − (माऊस − जुनी सरक) × पटींचे गुणोत्तर. माऊस (600, 400) वर, पट 1 व सरक शून्य असताना 1.25 पटीला गेल्यास नवी सरक (−150, −100) येते. ही दुरुस्ती विसरली की प्रत्येक झूमला आरेख वरच्या डाव्या कोपऱ्याला चिकटून ताणल्यासारखा वागतो व वापरणारा सतत मागे ओढत बसतो.

बारीक रेषेवर क्लिक लागण्यासाठी 4 पिक्सेलची सवलत देतात. ती पडद्याच्या मापात द्यायची, मॉडेलच्या नव्हे. पट 0.25 असताना 4 पिक्सेल म्हणजे मॉडेलमधली 16 एकके. भागाकार विसरला तर लांबून पाहताना रेषा माऊसला सापडतच नाही, आणि जवळ गेल्यावर शेजारचीच रेषा उचलली जाते.

रेषाउडी : नागपूर स्थानकाजवळचे डायमंड क्रॉसिंग आरेखाच्या भाषेत फार सोयीचे आहे. रूळ तिथे एकमेकांना छेदतात, पण एका रुळावरची गाडी दुसऱ्यावर वळत नाही. छेद आहे, जोड नाही. आरेखात हा फरक दाखवायला एक रेषा दुसरीवरून छोट्या कमानीने उडी मारते. अनेक लायब्ररींत ही सोय आता असते. कमान कोणत्या रेषेला द्यायची याचा नियम एकदाच ठरवावा : आडवी उडेल, किंवा नंतर काढलेली उडेल. दोन्ही नियम मिसळले की एकाच छेदावर दोन कमानी येतात. नागपूरच्याच गड्डीगोदामला रस्ता, रेल्वे, उड्डाणपूल व मेट्रो एकावर एक आहेत. तशा जागी कमानीवर भागत नाही, थरच ठेवावे लागतात आणि वरचा थर आधी नेमात यावा अशी उलट्या क्रमाने तपासणी करावी लागते.

ही उडी महाग पडते. 500 रेषांत तपासायच्या जोड्या 1,24,750 होतात. नोड ओढत असताना दर हालचालीला हे गणित केले तर माऊस अडखळतो. ओढणे चालू असताना कमानी गाळाव्यात, सोडल्यावर मोजाव्यात. तेही हललेल्या रेषांपुरतेच.

घडी घालणे : नागपूर महानगरपालिकेच्या 10 झोनप्रमाणे जलकुंभ व वाहिन्यांचा आरेख केला, तर धंतोली झोन मिटवून एकच चौकट दाखवता आली पाहिजे. मिटवताना आतल्या जलकुंभाला आलेली वाहिनी दृश्यात झोनच्या चौकटीला जोडलेली दिसते. काही जण हे मॉडेलमध्येच बदलतात. मग झोन उघडला की सगळ्या वाहिन्या चौकटीलाच चिकटून राहतात, कारण मूळ टोक पुसलेले असते. मॉडेलमधील टोक अबाधित ठेवून दृश्यापुरता पर्याय दाखवावा. चौकटीला आलेल्या समांतर वाहिन्या एकच जाड रेषा करून दाखवल्या तर तिच्यावर संख्या लिहावी.

अंडूची, म्हणजे केलेला बदल मागे घेण्याची, तऱ्हाही तीच. एका ओढण्यात माऊसच्या शेकडो घटना येतात; त्या मिळून अंडूचा एकच घास झाला पाहिजे. स्थानक पुसले तर त्याच्या रेषाही त्याच घासात परत याव्यात. नाहीतर अंडूनंतर सीताबर्डी येते, पण चारही बाजूंनी एकाकी.

देवनागरी नावे : मराठी नकाशा करणाऱ्याचा खरा वेळ इथे जातो. ‘सीताबर्डी’ जावाच्या लेखी 9 चिन्हे आहेत. नाव चौकटीत मावत नाही म्हणून 7 वर कापले तर ‘सीताबर्’ असे हलंत शेपूट उरते, 8 वर कापले तर ‘सीताबर्ड’. चिन्हे मोजून कापणाऱ्या ‘सबस्ट्रिंग’ऐवजी अक्षरांच्या सीमा शोधणारा ‘ब्रेकइटरेटर’ वापरल्यास मात्रा तुटत नाही. जोडाक्षर मात्र सर्वच आवृत्त्यांत अखंड राहील असे धरू नये. रुंदी मोजताना एकेका चिन्हाची बेरीज करू नये, कारण र आणि हलंत मिळून रेफ होतो व जागा बदलते. पूर्ण नाव जुळवून मोजणारा ‘टेक्स्टलेआउट’ तयार करून त्याची सीमा घ्यावी. उंचीचेही तेच : फॉन्टमध्ये देवनागरी नसली की जावा दुसऱ्या फॉन्टमधून अक्षरे आणते, पण उंची पहिल्याची धरते; मग वेलांटी वरून छाटली जाते किंवा उकार खालच्या रेषेत घुसतो.

जावा 9 मध्ये (2017) अक्षरजुळणीसाठी हार्फबझ हे इंजिन आले. तरीही यंत्रावर देवनागरी फॉन्टच नसेल तर चौकोनी डबेच दिसतात. लिनक्स सर्व्हरवरून पीएनजी काढताना हे हमखास घडते. लोहित किंवा नोटो देवनागरी फॉन्ट प्रकल्पासोबतच द्यावा व ‘क्रिएटफॉन्ट’ने भरावा. साठवलेली फाइल उघडल्यावर नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसली तर दोष फॉन्टचा नाही, लिहिताना संकेतप्रणाली (अक्षरांचे अंकांत रूपांतर करण्याची रीत) सांगितली नव्हती. जावा 18 पासून (2022) यूटीएफ-8 ही संकेतप्रणाली न सांगताही धरली जाते. त्याआधीच्या विंडोज यंत्रांवर ती स्पष्ट लिहावी लागते.

ठळक पडदे व थ्रेड : जावा 9 पासून विंडोज व लिनक्सवर उच्च घनतेच्या पडद्यांना स्विंग (जावाचा खिडक्या-बटणांचा संच) आपोआप जुळवून घेते. बिघडते ते साठवून ठेवलेल्या चित्रांचे. नोडची प्रतिमा 1 पटीत बनवून ठेवली असेल, तर 150 टक्क्यांच्या लॅपटॉपवर ती धूसर दिसते व शेजारचा मजकूर लख्ख. चित्र रंगवण्याच्या वेळी ग्राफिक्सच्या रूपांतरणातून पट विचारून घ्यावा व त्या मापाची प्रतिमा करावी.

स्विंगचे सारे रंगकाम एकाच थ्रेडवर (कामाच्या एकाच रांगेवर) चालते. मांडणीचे जड गणित त्यावर चालवल्यास खिडकी गोठते. मागे वेगळ्या थ्रेडवर काम करणाऱ्या ‘स्विंगवर्कर’मध्ये मॉडेलची प्रत द्यावी, निकालातले निर्देशांक परत मुख्य थ्रेडवर लावावेत. प्रत न देता मूळ मॉडेलच दिले तर बहुतेक वेळा चालते आणि प्रात्यक्षिकाच्या दिवशी फसते. स्विंगसारखाच दुसरा संच जावाएफएक्स 2018 मध्ये जावा 11 पासून जेडीकेबाहेर (जावाच्या मूळ विकाससंचाबाहेर) गेला, तो वेगळा जोडावा लागतो. तिथे प्रत्येक नोडसाठी स्वतंत्र घटक ठेवल्यास हजारोंच्या आरेखात पडदा जड होतो, म्हणून दिसणाऱ्या भागापुरतेच घटक तयार करतात.

साठवण व छपाई : जावाच्या स्वतःच्या सिरियलायझेशनने (वस्तू जशाच्या तशा फाइलीत उतरवण्याच्या सोयीने) आरेख साठवू नये, वर्गात एक क्षेत्र वाढले की जुनी फाइल उघडेनाशी होऊ शकते. नोडचा कायम ओळखक्रमांक, निर्देशांक व जोडण्या एक्सएमएल किंवा जेसन या मजकूर-स्वरूपांत लिहाव्यात. नाव हाच ओळखक्रमांक करू नये, कारण स्थानकांची व चौकांची नावे बदलतात. छपाईत इंचाला 72 बिंदू धरले जातात, ए4 कागद सुमारे 595 × 842 बिंदूंचा. दोन्ही मार्गिका एका पानावर बसवल्यास नावे वाचता येत नाहीत. चार पानांत विभागून कडेला 20 बिंदूंचे आच्छादन ठेवावे, म्हणजे चिकटवताना रेषा जुळतात.