क्वारंटाइन आणि आयसोलेशन एक नाही, फ्लूच्या साथीत प्रवासाला निघताना हे डोक्यात पक्कं ठेवा

मार्च २०२० आठवतोय का, परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर शाईचे शिक्के मारायचे ते? जर्मनीहून आलेले चार जण तसा शिक्का घेऊन चक्क गरीब रथमध्ये जाऊन बसले, बाकीच्या प्रवाशांना हात दिसले, डब्यात बोंबाबोंब झाली आणि शेवटी त्यांना पालघरला उतरवलं. डब्यातल्यांनी काय धरलं असेल, हे पेशंट आहेत. पण शिक्का आजाराचा नव्हताच, घरी थांबा म्हणून सांगितलेल्या लोकांचा होता. तरी त्यांनी रेल्वेत बसणं चूकच, त्यात वाद नाही. ती साथ कोरोनाची होती, पण फ्लूची मोठी साथ आली की हाच गोंधळ पुन्हा होणार, म्हणून लिहितोय.

क्वारंटाइन धडधाकट माणसासाठी असतं, म्हणजे जो आजारी माणसाच्या जवळ आला होता आणि आता त्याला होतंय की नाही ते बघायचंय. आयसोलेशन आजारी माणसासाठी असतं. आंब्याच्या पेटीत एक नासका निघाला की आपण तो बाजूला काढतो आणि त्याला चिकटून असलेले चार वेगळ्या टोपलीत ठेवून दोन दिवस नजर ठेवतो, तसंच हे. ते चार आंबे कोणी नासक्याबरोबर एकाच टोपलीत टाकतं का? माणसांच्या बाबतीत मात्र आपण सर्रास टाकतो, त्यावर पुढे येतोच.

दोन्ही एकाच ठिकाणी बघायची असतील तर मे २००९ चं हाँगकाँग बघा. स्वाइन फ्लूची सुरुवात होती, मेक्सिकोहून शांघायमार्गे आलेला एक प्रवासी वान चाय भागातल्या मेट्रोपार्क हॉटेलात उतरला आणि त्याला लागण झाल्याचं कळलं. त्याला हॉस्पिटलात वेगळं ठेवलं, हे झालं आयसोलेशन. आणि ते अख्खं हॉटेल सील करून आतल्या साधारण ३०० पाहुण्यांना आणि स्टाफला सात दिवस तिथेच थांबवलं, ज्यांना काहीही झालेलं नव्हतं, हे झालं क्वारंटाइन. विमानात त्याच्या जवळच्या रांगांमध्ये बसलेल्यांनाही शोधून काढलं. विचार करा, तुम्ही ऑफिसच्या कामाला दोन दिवसांसाठी गेलाय, त्या माणसाचं तोंडसुद्धा बघितलेलं नाही, आणि तुमचं परतीचं तिकीट गेलं.

आता दिवस किती, इथेही लोक गल्लत करतात. क्वारंटाइनचे दिवस मोजायचे ते संपर्क झाला तिथून, कारण आपण वाट बघतोय की लक्षणं येतात का. फ्लूमध्ये ती साधारण एक ते चार दिवसांत येतात, म्हणून सात दिवस पुरेसे धरले होते, कोरोनाचे चौदा दिवस इथे लावू नका. आयसोलेशनचे दिवस मोजायचे ते लक्षणं सुरू झाल्यापासून. मोठा माणूस साधारण पाच ते सात दिवस दुसऱ्याला देऊ शकतो, लहान मुलं जास्त दिवस. आणि ताप उतरल्यावर निदान २४ तास थांबायचं, तेही तापाची गोळी न घेता उतरलेला असला तर. पॅरासिटामॉल पोटात असताना थर्मामीटर ९८ दाखवतोय याला ताप उतरला म्हणत नाहीत.

यावरूनच विमानतळावरच्या त्या थर्मल कॅमेऱ्याचं बघा. तो फक्त ताप पकडतो. फ्लूचा माणूस लक्षणं यायच्या आदल्या दिवसापासून पसरवायला लागतो, तेव्हा त्याला ताप नसतोच, आणि ज्याला ताप आहे तो बोर्डिंगच्या आधी गोळी घेऊन आलेला असतो, कारण तिकिटाचे पैसे बुडतात. त्यामुळे कॅमेऱ्यासमोरून सुटलो म्हणजे सुटलो असं काही नसतं. कॅमेऱ्यात सापडलेल्याचं आयसोलेशन होतं, न सापडलेल्यांनी आपलं आपण लक्ष ठेवायचं असतं, आणि तेच कोणी करत नाही.

पुण्यात ऑगस्ट २००९ मध्ये काय झालं ते तिथल्या लोकांना सांगायला नको. ३ ऑगस्टला देशातला पहिला स्वाइन फ्लूचा मृत्यू पुण्यात झाला आणि शहर हादरलं, शाळा-कॉलेज, थिएटरं बंद, एन-९५ मास्क ब्लॅकने, ज्याच्या त्याच्या खिशात कापूर-वेलचीची पुरचुंडी (तिचा विषाणूला काय त्रास झाला देव जाणे). नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीसाठी ही लांब रांग. त्या रांगेत खरोखर तापाने फणफणलेला माणूस, नुसता शिंकणारा माणूस आणि 'शेजारचा परवाच अमेरिकेहून आलाय' म्हणून घाबरलेला ठणठणीत माणूस, तिघे तोंडाला रुमाल बांधून एकमेकांना चिकटून तासन् तास उभे. एकाच टोपलीत सगळे आंबे. घाबरलेल्याने घरी थांबायला हवं होतं आणि फणफणलेल्याला वेगळ्या दाराने आत घ्यायला हवं होतं.

मग सरकारने त्याच महिन्यात ए, बी, सी अशा वर्गवाऱ्या आणल्या. ए म्हणजे किरकोळ ताप-खोकला, ना टेस्ट ना टॅमीफ्लू (फ्लूच्या विषाणूवरचं औषध), घरीच थांबा. बी म्हणजे जास्त ताप किंवा गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस, दमा-डायबिटीसवाला असा धोका, तेव्हा घरीच वेगळं राहून डॉक्टर सांगतील तसं औषध. सी म्हणजे धाप लागतेय, छातीत दुखतंय, नखं निळी, गुंगी, त्यांनी थेट हॉस्पिटल गाठायचं. यात संपर्कात आलेल्या सगळ्यांना कोंडून ठेवा असं कुठे आहे? नाहीच. कारण एकदा साथ गावात पसरली की कोण कोणाच्या जवळ आलं होतं हे शोधण्यात अर्थ उरत नाही. क्वारंटाइन चालतं ते सुरुवातीला, किंवा बेटावर. १९१८ च्या जगभरच्या फ्लूच्या साथीत पॅसिफिक महासागरातल्या अमेरिकन सामोआ बेटांनी बाहेरच्या बोटी अडवून धरल्या आणि तिथे त्या फ्लूने कोणी मेलं नाही, शेजारच्या पश्चिम सामोआत ऑकलंडहून आलेली तालुने नावाची बोट उतरू दिली आणि साधारण पाचातला एक माणूस गेला. पुणे काही बेट नाही. आयसोलेशन मात्र पहिल्या दिवशीही लागतं आणि साथीच्या शेवटच्या दिवशीही.

घरात एकच बेडरूम असली तरी आयसोलेशन जमतं. आजारी माणूस खिडकीच्या खोलीत, दार लोटलेलं, खिडकी उघडी, बघणारं माणूस एकच आणि ते शक्यतो आजी किंवा गरोदर वहिनी नको. ताटवाट्या फेकायची गरज नाही, साबणाने नीट धुतल्या की झालं. दोघांनीही मास्क. क्वारंटाइनमधल्याने काय करायचं तर सकाळ-संध्याकाळ ताप बघायचा, लग्न-बारसं, लोकल, एसटी टाळायची, आणि ताप आला की त्या क्षणी त्याचं क्वारंटाइन संपलं आणि आयसोलेशन सुरू झालं, दिवस नव्याने मोजायचे.

निघायच्या आधी दोन कामं करा. एक, ट्रॅव्हल इन्शुरन्सचा कागद नीट वाचा, हॉस्पिटलचा खर्च देणारी पॉलिसी क्वारंटाइनच्या हॉटेलचं बिल देईलच असं नाही, एजंटला फोनवर नको, मेलवर विचारा. दुसरं, रोजच्या गोळ्या आठवडाभर जास्तीच्या घ्या, प्रिस्क्रिप्शनसकट, आणि त्या चेक-इन बॅगेत नाही तर हातातल्या बॅगेत ठेवा, कारण अडकवलंच तर आधी माणूस अडकतो आणि सामान कुठल्या पट्ट्यावर फिरत असतं ते कोणाला माहीत नसतं.