एच-इंडेक्सच्या आत काय असतं?

दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते: जगातल्या आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांत शिवाजी विद्यापीठाचे संशोधक. मग अभिनंदनाचे डिजिटल फलक लागतात, सत्कार होतात. आपल्या गावातल्या प्रयोगशाळेतलं काम जगभर वाचलं जातं याचा मलाही मनापासून अभिमान वाटतो. पण ही यादी नेमकी कशावर ठरते, हे बातमीत क्वचितच येतं.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक जॉन इओनिडिस आणि त्यांचे सहकारी ही यादी तयार करतात. आकडे येतात एल्सेव्हियर कंपनीच्या स्कोपस या माहितीसाठ्यातून. यादीसाठी कुणी त्या संशोधकाचे पेपर काढून वाचत नाही. सहा आकडे एकत्र करून एक गुण काढला जातो: एकूण सायटेशन्स, एच-इंडेक्स (ही दोन्ही मापं काय ते पुढे येईलच), सहलेखकांच्या संख्येनुसार दुरुस्त केलेला एच-इंडेक्स, आणि एकट्याने, पहिल्या नावाने किंवा शेवटच्या नावाने लिहिलेल्या पेपरांना मिळालेली सायटेशन्स. यादीचे भागही दोन असतात. एक आख्ख्या कारकिर्दीचा, दुसरा फक्त एका वर्षाचा. त्यामुळे यंदा आलेलं नाव पुढच्या वर्षी गायब झालं तरी त्या माणसाने काम सोडलं असा अर्थ होत नाही.

सायटेशन म्हणजे काय, तर नवा पेपर लिहिताना आधीच्या कुणाच्या तरी पेपरचा घेतलेला संदर्भ. या संदर्भांची सूची करावी ही कल्पना यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली, आणि १९६४ मध्ये त्यांच्या संस्थेचा सायन्स सायटेशन इंडेक्स बाजारात आला. गारफिल्ड यांना त्यातून मुख्यतः एक सोय हवी होती. एखादा पेपर हाती आला की त्याच्यानंतर त्यावर कुणी काय म्हटलं, कुणी चूक दाखवली का, हे अभ्यासकाला चटकन सापडावं. म्हणजे सूची होती वाचण्यासाठी. पुढे ती मोजण्यासाठी जास्त वापरली जाऊ लागली. आरोग्य संशोधनात या बदलाने फार नुकसान होतं असं माझं ठाम मत आहे.

आधी मोजणी समजून घेऊ. एच-इंडेक्स हे माप २००५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी सुचवलं. समजा, कोल्हापुरात सार्वजनिक आरोग्यावर काम करणाऱ्या एका डॉक्टर बाईंचे आठ पेपर आहेत. त्यांना अनुक्रमे ६०, २२, १५, ९, ७, ६, ३ आणि ० सायटेशन्स मिळालीत. वरून मोजत या. सहाव्या पेपरला ६ सायटेशन्स आहेत, सातव्याला मात्र ३च. म्हणून बाईंचा एच-इंडेक्स ६. निदान सहा पेपर असे, ज्यांना प्रत्येकी निदान सहा सायटेशन्स. आता त्यांच्या पहिल्या पेपरने देशाचं आरोग्य धोरण बदललं आणि ६० ची ६०० सायटेशन्स झाली, तर एच-इंडेक्स किती होईल? तरीही ६च. उलट त्यांनी दोन-चार वर्षं काम थांबवलं, बाळंतपणासाठी म्हणा, घरातल्या आजारपणासाठी म्हणा, तरी तो कमी होणार नाही, कारण हा आकडा खाली येतच नाही. म्हणून पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या प्राध्यापकाशी पाच वर्षांपूर्वी एम.डी. झालेल्या मुलीची तुलना या आकड्यावर करणं सरळसरळ अन्याय आहे.

शिवाय हा आकडा कुठे पाहता त्यावरही ठरतो. गूगल स्कॉलर प्रबंध, अहवाल, परिषदांतले निबंध असं बरंच काही धरतं, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स निवडक नियतकालिकंच धरतात. एकाच व्यक्तीचा एच-इंडेक्स गूगल स्कॉलरवर बहुधा जास्त दिसतो, स्कोपसवर कमी. दोन्ही बरोबर असतात. दोन उमेदवारांची तुलना करताना एकाचा आकडा इथला आणि दुसऱ्याचा तिथला घेतला, तर मात्र घोळ होतो.

आणि आपल्याकडची खास अडचण म्हणजे नावं. वैद्यकीय पेपर शोधायला ‘पबमेड’ हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं मोफत संकेतस्थळ आहे. त्यात पाटील आडनाव आणि एस. हे आद्याक्षर टाकून पाहा. सचिन, सुनीता, संजय, स्मिता, शिवाजी, सगळे एका रांगेत उभे राहतात. कुणाचा पेपर हृदयविकारावर, कुणाचा दातांवर, कुणाचा गुरांच्या आजारावर. करवीर, कागल, शिरोळ एवढ्या तीन तालुक्यांतले पाटील, जाधव, कांबळे, मुल्ला धरले तरी संगणक चक्रावतो. त्यात लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंचं निम्मं काम माहेरच्या नावाखाली आणि निम्मं सासरच्या नावाखाली पडून राहतं, आणि एच-इंडेक्स निघतो तो दोन तुकड्यांचा वेगवेगळा. २०१२ पासून ‘ऑर्किड’ नावाचा सोळा अंकी क्रमांक संशोधकाला फुकट मिळतो. तो आयुष्यभर एकच राहतो, नाव बदललं तरी. एम.डी.चा प्रबंध लिहायला बसलेल्या प्रत्येक मुलीने तो त्याच आठवड्यात काढून घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता आकड्याच्या आत शिरू. वैद्यकातल्या पेपरवर पहिलं नाव बहुतेक वेळा प्रत्यक्ष राबलेल्याचं असतं, शेवटचं मार्गदर्शकाचं. मधली नावं कशी आली हे पेपर उघडून पाहावं लागतं, आणि बरीच नियतकालिकं हल्ली कुणी काय केलं ते शेवटी छापतात. जगभरातल्या रोगभाराचा हिशेब मांडणाऱ्या ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ प्रकल्पाच्या एकेका पेपरवर शेकडो लेखक असतात आणि सायटेशन्स हजारोंनी मिळतात. त्यातल्या प्रत्येकाच्या खात्यावर ती सगळी जमा होतात. काम मोलाचंच आहे. पण त्या शेकड्यातल्या एका नावाचा आणि फडात जाऊन ऊसतोड बायकांचं हिमोग्लोबिन तपासत फिरलेल्या डॉक्टरचा आकडा शेजारी ठेवून काही कळत नाही.

दुसरं असं, की संदर्भ घेतला म्हणजे कौतुक केलं असं नव्हे. १९९८ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. अवघ्या बारा मुलांच्या माहितीवरून त्यात गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा आणि ऑटिझमचा संबंध सुचवला होता. माहितीत फेरफार झाल्याचं उघड झालं, २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने पेपर मागे घेतला आणि ब्रिटनमध्ये वेकफिल्ड यांची वैद्यकीय नोंदणी रद्द झाली. तरी या पेपरची सायटेशन्स हजाराच्या पुढे आहेत. २०१९ मध्ये काही अमेरिकी ग्रंथपालांनी ती एकेक करून वाचली. अकराशेहून अधिक संदर्भांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश पेपरवर टीका करणारे निघाले. मोजणीत ते सगळे जमेच्याच बाजूला. गारफिल्ड यांना सूचीतून हेच सापडायला हवं होतं, कोण कशाला चूक म्हणतंय ते. नुसता आकडा पाहणाऱ्याला ते कधीच दिसणार नाही.

माझ्या मते या साऱ्या चर्चेत सर्वांत महत्त्वाचं उदाहरण घाट उतरून महाडला भेटतं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून माणसं, त्यातही लहान मुलं, दगावत होती. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी केल्या: उलट्या, दरदरून घाम, हातपाय थंडगार, नाडी जलद, आणि काही तासांत फुप्फुसात पाणी. या लक्षणांवरचा त्यांचा पेपर १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. विंचवाच्या विषाने चेतातंतूंमधले सोडियमचे मार्ग उघडेच राहतात. त्यामुळे शरीरात अॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदय थकतं. त्यावर उपाय म्हणून त्यांनी रक्तदाबाची एक साधी, स्वस्त गोळी वापरली, प्राझोसिन. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. त्याआधी गंभीर विंचूदंशात २५ ते ३० टक्के रुग्ण दगावत, ते प्रमाण पुढे १ टक्क्याच्या आसपास आलं.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. २०११ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा आणखी एक पेपर आला. नुसतं प्राझोसिन बरं, की त्याच्या जोडीला विंचवाचं विष निष्प्रभ करणारी प्रतिलस दिलेली बरी? ३५-३५ रुग्णांचे दोन गट चिठ्ठी टाकल्यासारखे पाडले. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण जोडीच्या गटात ३२ होते, नुसत्या गोळीच्या गटात ८. खासगी दवाखाना चालवणाऱ्या जोडप्याने महाडमध्ये बसून केलेला हा अभ्यास आहे. मला तो जितक्या वेळा वाचावा तितका थोर वाटतो.

आता सायटेशन्सचा विचार करा. विंचूदंशावर काम करणारे लोक जगात किती? भारत, मेक्सिको, ब्राझील, ट्युनिशिया, मोरोक्को, अशा मोजक्या देशांतले थोडे डॉक्टर. संदर्भ देणारेच थोडे, तर सायटेशन्स कुठून येणार? कर्करोगाच्या नव्या औषधावर हजारो प्रयोगशाळा पेपर लिहितात, त्यामुळे तिथला मध्यम दर्जाचा आढावा-लेखसुद्धा सहज शेकड्यांत जातो. उसाच्या पट्ट्यातला सर्पदंश, पंचगंगेच्या पाण्यातून पसरणारी कावीळ, पुरानंतरचा लेप्टोस्पायरोसिस या विषयांवर काम करणाऱ्याचा आकडा लहानच राहणार. पेपर लिहिणारे लोक त्या विषयात किती आहेत, एवढंच त्यातून कळतं. रोग किती मोठा आहे हे त्यावरून कळत नाही.

इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल थोडक्यात. तो नियतकालिकाचा असतो, संशोधकाचा नव्हे. मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन्स भागिले त्या लेखांची संख्या. ही सरासरी किती फसवी असू शकते ते ‘अॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’ या नियतकालिकाने दाखवलं. त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ मध्ये २ च्या आसपास होता, २००९ मध्ये जवळजवळ ५० झाला, केवळ एका लेखामुळे. स्फटिकरचना काढणाऱ्या संगणक-प्रणालीवरचा तो लेख ती वापरणारा प्रत्येक जण संदर्भात देत होता. त्याच अंकातल्या बाकीच्या लेखकांचं काम एका रात्रीत पंचवीसपट चांगलं झालं नव्हतं. नेमणूक आणि बढतीसाठी नियतकालिकाचा हा आकडा वापरू नये असं संशोधनाच्या मूल्यमापनावरचा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१२ पासून सांगतो आहे.

आपल्याकडे बढतीला पेपर लागतात, आणि जिथे संख्या लागते तिथे संख्या विकणारेही येतात. पैसे भरा, आठवड्यात पेपर लागेल, अशी ईमेल कोल्हापुरातल्या कुठल्याही प्राध्यापकाला नवी नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये स्वतःच्याच मान्यताप्राप्त यादीतून ४३०५ नियतकालिकं काढून टाकली, यावरून पसारा लक्षात यावा. वैद्यकात हे विशेष घातक आहे, कारण न तपासलेल्या पेपरवरून कुणीतरी औषधाचा डोस ठरवू शकतो.

मग एखाद्या आरोग्य संशोधकाचं काम पाहायचं असेल तर? मुलाखत समितीवरच्या माणसाने, पत्रकाराने, एम.डी.साठी मार्गदर्शक शोधणाऱ्या विद्यार्थ्यानेही एक साधी गोष्ट करावी. त्यांचे स्वतःला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे तीन पेपर विचारावेत. पबमेडवर प्रत्येकाचा सारांश उघडावा. पेपर मागे घेतलेला असेल तर तिथे ठळक सूचना दिसते. मग खाली, हा पेपर कुणी संदर्भात घेतला त्याची यादी असते. त्यातले चार-पाच लेख उघडून नेमकं ते वाक्य शोधावं. संदर्भ प्रस्तावनेत इतर दहा नावांच्या गर्दीत आला आहे, की उपचाराच्या मार्गदर्शक सूचनेत, की ‘आमचे निष्कर्ष याच्या विरुद्ध आहेत’ असं सांगताना? आणि संशोधक स्वतःचेच संदर्भ किती वेळा देतो, हेही तिथेच कळतं. शेवटचा प्रश्न पबमेडबाहेरचा: हे काम कुणी वापरलं? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आणला, तो पेपर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्याचं सर्वांत मोठं सायटेशन कुठल्याही माहितीसाठ्यात नोंदलेलं नाही. २०११ पासून देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाऊन बाळाचं वजन करतात, अंग गरम आहे का पाहतात आणि तक्ता भरतात, शाहूवाडी-गगनबावड्याच्या वाड्यावस्त्यांवरसुद्धा.