ग्रॉमिटची माती संपलेली नाही!

'वॉलेस आणि ग्रॉमिट' या मालक-कुत्र्याच्या जोडीचे, मातीच्या पुतळ्यांचे फोटो जोडून बनवलेले सिनेमे आता बंद, कारण पुतळे बनवायची माती संपली, ही आवई २०२३च्या नोव्हेंबरपासून फिरतेय. अजूनही कुणीतरी ती हळहळत फॉरवर्ड करतंच.

खरं एवढंच, की 'न्यूप्लास्ट' नावाची ही माती बनवणारा इंग्लंडमधला कारखाना त्या वर्षी बंद पडला. पण हे सिनेमे बनवणाऱ्या ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओने शिल्लक माल आधीच उचलला होता. बातमी पसरताच 'साठा भरपूर आहे, काळजी नको' असं त्यांनी जाहीरही केलं. २०२४च्या नाताळला बीबीसीवर या जोडीचा नवा सिनेमा लागलासुद्धा!

शिवाय ही माती म्हणजे आपली शाडू नव्हे. तिच्यात तेल असतं, त्यामुळे ती वाळून तडकत नाही. ग्रॉमिट बोलत नाही, या कुत्र्याला तोंडच दिलेलं नाही. सगळा अभिनय कपाळावर. अॅनिमेटरने भुवईची कड अंगठ्याने जराशी खाली दाबली की स्वारी मालकावर वैतागलेली दिसते. मग फोटो, मग पुन्हा किंचित दाबायचं. पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ फ्रेम लागतात. टंचाई असलीच तर ती मातीची नव्हे, वेळेची.