चेन ढिली होते म्हणजे नेमकं काय होतं?

जुना क्रॉलर ट्रॅक्टर, म्हणजे चाकांऐवजी लोखंडी चेनवर चालणारा, ज्याच्या दारात उभा असतो त्याला एक सल्ला फुकट आणि वारंवार मिळतो: "चेन लोंबतेय, आवळून घे." सल्ला देणाऱ्याची समजूत अशी की वर्षानुवर्षं ओझं ओढून चेन ताणली गेली, म्हणून लांबली, म्हणून लोंबली, आता आवळली की प्रश्न मिटला. चेन लांबते हे खरं आहे. पण ती ताणून लांबत नाही, आणि आवळून प्रश्न मिटत तर नाहीच, बऱ्याचदा वाढतो.

चेन मुळात कशासाठी? दाब विभागण्यासाठी. 6 टनांचं यंत्र घ्या. प्रत्येक बाजूला 40 सेंटिमीटर रुंद आणि 1.8 मीटर लांब पट्टा जमिनीला टेकलेला आहे. भागाकार केला तर दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम 0.4 किलो भार येतो, म्हणजे चालताना माणसाचा भार एका पावलावर येतो तेव्हा तळव्याखाली असतो साधारण तेवढाच. अमेरिकेत बेंजामिन होल्ट यांनी नोव्हेंबर 1904 मध्ये वाफेच्या ट्रॅक्टरची मागची चाकं काढून तिथे पट्टे बसवले, ते कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टनजवळच्या भुसभुशीत जमिनीत चाकं रुतत म्हणूनच. पुढे 1925 मध्ये होल्ट आणि बेस्ट या प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र येऊन कॅटरपिलर कंपनी झाली. इतिहास इथेच थांबवतो, कारण खरी गंमत चेनच्या सांध्यात आहे.

एक सांधा जवळून पाहू. एका कडीत पोलादी नळी दाबून घट्ट बसवलेली असते, तिला बुश म्हणतात. पुढच्या कडीत पिन घट्ट बसवलेली असते आणि ती या बुशमधून आरपार जाते. कड्या एकमेकींशी कोन करतात तेव्हा पिन बुशच्या आत फिरते, थोडीशीच. जुन्या यंत्रांत हा सांधा कोरडा असतो. सील लावून आत तेल कोंडलेल्या चेन नंतर आल्या. त्यामुळे पिन आणि बुश यांच्यामध्ये असते ती माती आणि वाळू. प्रत्येक वळणाला ती पिनेचा आणि बुशच्या आतल्या बाजूचा जरासा भाग खाते. ओढ नेहमी एकाच दिशेने असल्यामुळे झीजही एकाच बाजूला होते. एका सांध्यात 3 मिलिमीटर झीज झाली तर तो सांधा 3 मिलिमीटरने उघडतो. एका बाजूच्या चेनमध्ये 36 सांधे धरले, तर चेन 108 मिलिमीटरने लांबली. एकही कडी केसभरसुद्धा ताणलेली नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. चेनची एक फेरी पूर्ण होईपर्यंत प्रत्येक सांधा किती वेळा वळतो? चार वेळा. पुढच्या आयडलर चाकावर (नुसतं चेनला वळवणारं, इंजिनाला न जोडलेलं चाक) चढताना आणि उतरताना, मागच्या दातेरी स्प्रॉकेटवर (इंजिन फिरवतं ते चाक) चढताना आणि उतरताना. पण नुसतं वळल्याने फारसं झिजत नाही, भाराखाली वळल्याने झिजतं. पुढे जाताना स्प्रॉकेट जमिनीवर टेकलेली खालची चेन खेचतो. वरची चेन सैल येते, आयडलरवरही ओढ नसते. म्हणजे चारपैकी एकच वळण भाराखाली: जमिनीवरून उचलला जाऊन सांधा स्प्रॉकेटवर चढतो ते. रिव्हर्समध्ये सगळं उलटतं. आता स्प्रॉकेट वरची चेन खेचतो. ती ओढ वरून आयडलरपर्यंत, त्याला वळसा घालून थेट जमिनीपर्यंत जाते. आयडलरची दोन्ही वळणं आणि स्प्रॉकेटचं वरचं, अशी तीन वळणं भाराखाली. एकाऐवजी तीन! जुने ऑपरेटर रिव्हर्समध्ये भरधाव पळवणाऱ्या पोराला झापतात, ते उगाच नाही.

मग ही लांबलेली चेन आवळली तर? कपडे वाळत घालायची दोरी अगदी सरळ करायला किती जोर लागतो ते आठवा. दोन टेकूंमध्ये लोंबणाऱ्या वस्तूतला ताण असा निघतो: मीटरमागचं वजन गुणिले अंतराचा वर्ग, भागिले झोळाच्या, म्हणजे मध्यभागी ती जितकी खाली लोंबते त्याच्या, आठपट. मीटरमागे 60 किलो वजनाची चेन, टेकूंमधलं अंतर 1 मीटर आणि झोळ 30 मिलिमीटर असेल तर ताण येतो 250 किलो. झोळ 5 मिलिमीटरवर आणला की 1500 किलो. यंत्र काहीही ओढत नसताना! मग पुढे जातानाही चारही वळणं भाराखाली येतात आणि आयडलरच्या बेअरिंगवर विनाकारण ओझं पडतं. चेन फार सैल असेल तर यंत्र वळताना ती चाकांवरून उतरते, हे खरंच. म्हणून यंत्राच्या पुस्तिकेत झोळाचा आकडा दिलेला असतो आणि तो पाळायचा असतो. चिखलात काम असेल तर चिखल बसलेला असतानाच झोळ तपासायचा. स्प्रॉकेटच्या दातांमध्ये माती ठासली की त्याचा घेर वाढल्यासारखा होतो आणि चेन आपोआप आवळली जाते.

कोरड्या चेनवर ऑइल ओतणं किंवा "झीज 80 टक्के कमी" असं छापलेला स्प्रे मारणं हा दुसरा लाडका उपाय. तेल बाहेरून पिनेपर्यंत नीट पोचत नाही, पण धूळ मात्र उत्तम धरून ठेवतं. इंजिनाचे व्हॉल्व्ह घासून बसवायची खरखरीत पेस्ट याहून वेगळी नसते. बाटलीवरच्या टक्क्यांपेक्षा फावडं आणि पाण्याचा पाइप अधिक कामाचे.

झीज मोजणं सोपं आहे. स्प्रॉकेटच्या दातात जुनी पिन अडकवायची, यंत्र हळूच मागे घेऊन वरची चेन ताठ करायची आणि इंजिन बंद करून चार कड्यांची लांबी मोजायची. नव्या चेनची कडी 170 मिलिमीटरची असेल तर चार कड्या 680 भरायला हव्यात. 692 भरल्या तर सांध्यामागे 3 मिलिमीटर गेले. बुशला तडे जाण्याआधी हे लक्षात आलं, तर पिना आणि बुश प्रेसवर काढून अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवता येतात. न झिजलेली बाजू ओढीकडे येते आणि चेन पुन्हा जवळजवळ मूळ लांबीची होते. हा उद्योग घरी करू नये, आणि आयडलरमागची दाबलेली जाड स्प्रिंग तर मुळीच सोडू नये. ती सुटली तर माणूस मरतो.

स्प्रॉकेटचे दात मोजलेत तर अनेक यंत्रांत ते विषम निघतील, 25 किंवा 27. तिथे बुश एकाआड एक खाचेत बसतो. 24 दात असते तर त्याच 12 खाचा आयुष्यभर झिजल्या असत्या आणि उरलेल्या कोऱ्या राहिल्या असत्या. 25 असल्यामुळे एका फेरीत साडेबारा खाचा होतात आणि पुढच्या फेरीत बुश आपसूक उरलेल्या खाचांत जातात. एका दाताने साधलेली ही युक्ती मला इंजिनातल्या कुठल्याही भागापेक्षा देखणी वाटते.

एखाद्या यंत्राची एकाच बाजूची चेन सारखी उतरते आणि ते पनवती ठरतं. तिथे आधी ऑपरेटर दिवसभर कुठल्या बाजूला वळतो ते पाहावं, आणि उतारावर आडवं कोणत्या अंगाने चालवतो तेही.

वळण्यावरून आठवलं. अशा ट्रॅक्टरला बहुधा स्टिअरिंग चाक नसतं, दोन दांडे असतात. डावा ओढला की डाव्या चेनचा क्लच सुटतो, उजवी ढकलत राहते आणि यंत्र डावीकडे वळतं. तीव्र उतारावर मात्र तोच डावा दांडा ओढला तर ते उजवीकडे वळतं! कारण तिथे इंजिन ढकलत नसतं, रोखून धरत असतं. सुटलेली डावी चेन मोकळी पळते, उजवी इंजिनाने अडवलेली राहते. म्हणून ब्रेक न लावता वळायचं तर उलटा दांडा ओढावा लागतो. नवख्याने हे आधी सौम्य उतारावर, खालच्या गिअरमध्ये करून पाहावं. आणि गिअर उताराच्या माथ्यावरच निवडावा. अर्ध्यात बदलायला मुख्य क्लच सोडला की दोन्ही चेन इंजिनापासून सुटतात आणि यंत्र धरून ठेवायला फक्त ब्रेक उरतात.